सासऱ्यांच्या मानेतली शीळ

माझे सासरे घोडेगावच्या गुरांच्या बाजारात दलाल होते आणि मी त्याच गावात सरकारी गुरांच्या दवाखान्याचा डॉक्टर. मुलगी देताना त्यांनी माझं घराणं, शिक्षण, पगार यातलं काही विचारलं नाही. एका अडलेल्या गाईचं वासरू मी बाहेर काढत होतो, ते त्यांनी लांबून उभं राहून पाहिलं होतं. घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "पोराचा हात चांगला हाय." एवढ्यावर आमचं लग्न झालं.

त्यांचा स्वतःचा हात तर बाजारात नावाजलेला होता. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल खांद्यावरचं उपरणं हातावर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरायचा. बघणाऱ्याला दिसायचे ते दोन गंभीर चेहरे आणि मधे हलणारं कापड. आकडा पटला नाही तर हात झटकून काढून घ्यायचा. हात तसाच सैल सोडला, तर सौदा झाला असं समजायचं. मामांनी (मी सासऱ्यांना मामा म्हणत असे) उभ्या आयुष्यात शेकडो जनावरांचे सौदे असे कापडाखाली जमवले, पण स्वतःसाठी कधी एक शेळीही घेतली नव्हती. दलालानं जनावरात जीव गुंतवू नये, असं ते म्हणायचे.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मामा तेव्हा सत्तरीला टेकलेले. भर बाजारात ते पाथर्डीकडच्या एका माणसाच्या म्हशीचा सौदा करत होते. म्हैस एका शिंगाची, नजर वाईट, दूध काढू न देण्याबद्दल प्रसिद्ध. गिऱ्हाईक तिला एकदा बघून केव्हाच निघून गेलं होतं. मामा उगाच त्या माणसाचं मन राखायला उपरण्याखाली हात घालून उभे होते. त्यानं बोटं दाबली. मामा हात झटकायला गेले, तर हात हलेना. उजवा हात खांद्यापासून मेलेल्या कोंबडीसारखा लोंबत त्याच्या मुठीत राहिला. त्या माणसानं जरा वाट पाहिली, मग आनंदानं ओरडला, "झाला सौदा!"

मामा "न्हाई" म्हणायला गेले आणि त्यांच्या तोंडून शब्द आला, "कंदील."

"काय म्हनला?"

"कंदील. कंदील, कंदील!"

त्या माणसानं अर्थ काढला की, कंदील लागायच्या आत म्हैस घरी पोचती करा असं दलालाचं म्हणणं आहे. त्यानं ती तेवढ्या तत्परतेनं पोचवलीदेखील. चहाचा एक कप संपेपर्यंत मामांचा हात जाग्यावर आला, जीभही आली. पण ते घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी म्हशीच्या पायावर पाणी घालून कपाळाला हळदकुंकू लावलेलं होतं आणि त्या म्हणत होत्या, "उभ्या जन्मात एक जनावर आनलं, ते बी असलं!"

भर बाजारात झालेला सौदा मोडला तर दलालाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हैस दावणीला राहिली. मला मामांनी एवढंच सांगितलं, "हाताला जरा मुंग्या आल्या हुत्या." मी रक्तदाब बघू या म्हटलं, तर म्हणाले, "तुमी म्हशीचं बघा, पाव्हनं."

मग डोळ्याचं झालं. मामा न्हाव्यापुढे दाढीला बसले होते. समोर आरसा. एकाएकी डाव्या डोळ्यावर वरून खाली पडदा उतरला, तमाशाच्या तंबूतला उतरावा तसा, सावकाश. न्हाव्याला ते सांगणार, एवढ्यात त्यानं नेहमीप्रमाणे दाढी संपल्यावर त्यांची मान दोन्ही हातांत धरून काडकन मोडली. पडदा पुन्हा वर गेला. झालं. न्हाव्यानं सगळ्या गावात सांगितलं की दलालाचा गेलेला डोळा मी एका झटक्यात आणला. मामांचाही विश्वास बसला आणि ते एक दिवसाआड मान मोडून घ्यायला जाऊ लागले.

हे मला माझ्या बायकोकडून कळलं. मी स्टेथोस्कोप घेऊन सासुरवाडीला गेलो. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "गुरांची नळी मानसाला लावायची? जावईबापू, काय बोलावं आता!" त्यांनी ती नळी साबणानं धुतली, वर गरम पाणी ओतलं, आणि मग माझ्या हातात दिली. मामा ओसरीवर ताठ बसले. जावयानं सासऱ्याच्या गळ्याला हात लावायचा म्हणजे दोघांनाही अवघड. मामांनी तोंड भिंतीकडे केलं.

छाती ठीक होती. मानेच्या उजव्या बाजूला काही नाही. डाव्या बाजूला, जबड्याच्या खालच्या कोनाशी नळी टेकवली आणि मी दचकलो. आत शीळ वाजत होती. सूंऽफस्स, सूंऽफस्स, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर.

पहिल्यांदा मला वाटलं, गरम पाण्यानं नळी बिघडली. म्हणून बायकोच्या मानेला लावून पाहिली. शांत. सासूबाईंनी खूप आढेवेढे घेऊन पदराआडून मान पुढे केली. तीही शांत. शेवटी खात्रीसाठी म्हशीच्या मानेला लावली. तिनं माझ्या गुडघ्यावर लाथ मारली, पण शीळ तिच्या मानेतही नव्हती. मी लंगडत ओसरीवर येऊन बसलो आणि मामांना सांगितलं, "मामा, डोक्याकडं रक्त नेणारी जी शीर असते ना, ती डावीकडं आतून बुजत आलीय. अरुंद जागेतून रक्त घुसतं, म्हणून आवाज येतो. तुमचा डोळा न् हात त्याच्यामुळं जातोय. मान अजिबात मोडून घ्यायची नाही आता."

मामांनी नळीकडे बोट केलं. मग म्हणाले, "मला ऐकू द्या."

नळी त्यांच्याच कानात घातली. स्वतःच्या मानेतली शीळ ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती येईल असं मला वाटलं होतं. आलं ते कौतुक.

पुढच्या बाजाराला मी दवाखान्यातून सासुरवाडीला गेलो तर ओसरीवर ही गर्दी! माझी दुसरी, जुनी नळी मामांनी माझ्या बायकोकडून मागून नेली होती. ते मधोमध मान कलती करून बसले होते आणि एकेक जण ऐकून अभिप्राय देत होता. राहुरीकडचा एक शेतकरी म्हणाला, "आमच्या कालव्याचं दार अर्धं उघडल्यावर अस्साच आवाज येतो." एक म्हातारा डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिला, की मागच्यांनी त्याला उठवलं. एक जण म्हणाला, "आवाज खणखणीत हाय, अजून लई चालंल." मामा खूष. त्यांनी त्या दिवशी एकही सौदा केला नाही.

माझ्या बायकोला मात्र रडू फुटलं. "आबांना काही झालं तर हे सगळे असेच ऐकत बसतील," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन भिंगारला गेलो.

नगरजवळच्या भिंगारला लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. वयस्कर, ताठ, थोडक्यात बोलणारे. मी सांगू लागलो तर त्यांनी विचारलं, "आपण डॉक्टर?"

"हो. म्हणजे, जनावरांचा."

"मग जनावरांचं बघा." त्यांनी मामांची मान हातानं दाबून पाहिली, हात वरखाली करायला लावला आणि निकाल दिला की मानेचे मणके झिजलेत. नळी लावलीच नाही. कातड्याचा एक रुंद पट्टा गळ्याभोवती आवळून दिला. मान वळवायची नाही, पट्टा काढायचा नाही.

पट्टा बांधून मामा बाजारात गेले. त्यांना इकडेतिकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे, पायासकट. जनावराचं वय बघायचं तर दात बघायला वाकता येईना. लोक विचारायचे, "दलाल, कुनी बांधलं तुमाला?" पण ते नेमानं पट्टा वापरत राहिले, कारण लष्करातल्या माणसाचा हुकूम होता.

पट्टा नेमका त्या शिरेवरच दाबत असावा. एका दुपारी मी जेवायला सासुरवाडीलाच होतो. मामांच्या हातातून भाकरीचा तुकडा गळून पडला. तोंडाचा उजवा कोपरा घसरला. त्यांनी सासूबाईंकडे बघून काहीतरी मोठ्या तळमळीनं सांगायचा प्रयत्न केला, आणि शब्द तोच आला.

"कंदील!"

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि भर उन्हात पेटलेला कंदील आणून त्यांच्यासमोर ठेवला. मामांनी मान हलवायला पाहिली, पट्ट्यामुळे हलेना. "कंदील, कंदील," ते म्हणत राहिले. "हा काय समोर हाय की!" असं म्हणत सासूबाई वात वर करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पट्टा सोडून काढला. या वेळी शब्द परत यायला बराच वेळ लागला. परत आले तेव्हा मामा म्हणाले, "पानी मागत हुतो."

आम्ही तडक पुन्हा भिंगारला. डॉक्टरांनी माझं बोलणं या वेळी पूर्ण ऐकून घेतलं. मग नळी काढून मानेला लावली, पुन्हा लावली, आणि खुर्चीत बसले. "मी चुकलो," ते मामांना म्हणाले, इतक्या सरळपणे की मामाच ओशाळले. "आमच्या वेळी अशा म्हाताऱ्यांना आम्ही घरी बसवायचो. दुसरं काही नव्हतंच. आता म्हणे ती शीर उघडतात, आतनं साफ करतात आणि परत शिवतात. माझ्या पुस्तकात नव्हतं हे. पुण्याला जा."

मामांनी विचारलं, "शीर उघडायची म्हंजी गळा कापायचा?"

"हो."

"आनि तुमी असता तर?"

डॉक्टर म्हणाले, "मी माझी मान ऐकलेली नाही, आणि ऐकणारही नाही."

पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही गेलो. तिथं पहिल्याच दिवशी घोळ झाला. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांना मामांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "हे आमचं जावई. डॉक्टर हायेत." कसले ते सांगितलं नाही. मला सांगायची संधी मिळाली नाही, कारण त्या क्षणापासून सगळे माझ्याशी भराभर वैद्यकीय भाषेत बोलू लागले. त्यातलं पुष्कळसं मला कळतही होतं. रक्तवाहिनी शेवटी रक्तवाहिनीच असते.

मानेत सुई घालून औषध सोडलं आणि फोटो काढले. मामा बाहेर आले ते घामाघूम. "अर्ध्या डोक्यात मिरच्यांचा ठेचा वतला," म्हणाले. फोटोत ती शीर खालून चांगली जाडजूड वर येत होती आणि एका जागी मुंगीच्या कमरेएवढी होत होती.

आता काय करायचं यावर इस्पितळातच दोन तट होते. शल्यचिकित्सक तरुण होते, विलायतेत शिकून नुकतेच परतलेले. ते म्हणायचे, उघडायलाच हवी, तिकडे आता सगळीकडे उघडतात. मोठे फिजिशियन म्हणायचे, सत्तरीच्या माणसाला हात लावायचा नाही, तिकडे जे करतात ते तिकडे ठीक आहे. त्यांचा भर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर. आणि वॉर्डातला एक शिकाऊ डॉक्टर मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "सर, हल्ली काही जण म्हणतात की साधी डोकेदुखीची गोळी रोज दिली तरी पुरते. पण इथं मी बोललो तर दोघंही मला ओरडतील."

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव ऐकून मी चमकलो. आम्हाला ते शिकवलेलं होतं. परदेशात सडका चारा खाऊन गाईंचं रक्त गोठेनासं झालं, त्यावरून तो पदार्थ सापडला. त्याचं आधी उंदरांचं औषध केलं आणि नंतर तेच माणसांना देऊ लागले. मी हे मामांना समजावून सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, घोडेगावच्या दुकानात तेच औषध पिठात कालवून विकत असत.

मामांनी बोटं मोजत हिशेब केला. "म्हंजी आदी गाया, मग उंदीर, आनि मग मी?"

"मात्रा कमी असते, मामा."

"उंदरालाबी पयल्यांदा तसंच वाटत असंल."

तेव्हा मामांनी शल्यचिकित्सकांशी बोलायचं ठरवलं. डॉक्टर त्यांच्या खाटेशी येऊन बसले आणि समजावू लागले. कापलं तर काय होऊ शकतं, न कापलं तर काय होऊ शकतं, मरण, लकवा, वाचा जाणं. "तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकी..." त्यांनी सुरुवात केली, आणि मामांनी हात वर केला.

"थांबा, सायेब. चारचौघांत आकडा बोलत न्हाईत."

खाटेच्या कठड्यावरचं उपरणं त्यांनी स्वतःच्या हातावर टाकलं आणि पुढे केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या सज्जन माणसानं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि उपरण्याखाली हात घातला. मामांनी त्यांना कुठल्या बोटाचा काय अर्थ ते दोन वाक्यांत शिकवलं. मग दोघं गंभीर झाले. कापड हललं. मामांनी नकारार्थी मान हलवली. कापड पुन्हा हललं. मामांनी तोंड वाकडं केलं, डॉक्टरांच्या कपाळाला घाम आला. शेजारच्या खाटेवरचे पेशंट उठून बसले. शेवटी मामांनी हात सैल सोडला आणि म्हणाले, "झाला सौदा."

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले, "मी पहिल्यांदा खरा आकडा दाबला होता. पण ते ऐकेचनात. कमी करा, कमी करा म्हणत राहिले. मी शेवटी कशाला कबूल झालो ते माझं मलाच माहीत नाही."

तो आकडा मामांनी मरेपर्यंत कुणाला सांगितला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. ते म्हणाले, वयस्कर माणसाला पूर्ण भूल द्यायची नाही, मान तेवढी बधिर करायची. पेशंट जागा हवा. शीर चिमट्यानं बंद केल्यावर मेंदूला रक्त पुरतंय की नाही हे त्याच्याकडूनच कळतं. "उजव्या हातात दाबलं की वाजणारं खेळणं द्यायचं. वाजतंय तोवर ठीक. मी जिथं शिकलो तिथं असंच करायचे. इथं इस्पितळात तसं खेळणं नाही. तुम्ही आणाल का?"

मी तुळशीबागेत गेलो. दुकानदारानं विचारलं, "मूल केवढं आहे?" मी म्हणालो, "चांगली पकड असलेलं द्या." त्यानं पिवळं रबरी बदक दिलं. मामांना ते दाखवलं तर त्यांनी आधी त्याच्या चोचीत बोट घालून पाहिलं. वर्षानुवर्षांची सवय.

ऑपरेशनच्या सकाळी अंगात हिरवा डगला घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे?"

"मुंबई. पशुवैद्यकीय."

डगल्याच्या नाड्या बांधणारी सिस्टर थांबली. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "हं. म्हणजे मोठ्या शिरांची सवय असेल. उभे राहा त्यांच्या डोक्याशी. ओळखीचा चेहरा दिसू दे."

ऑपरेशन सुरू झालं. हिरव्या कापडांच्या डोंगराखालून ठराविक वेळानं बदक वाजत होतं, पीं, पीं. पहिल्यांदा सिस्टर खुदकन हसली, नंतर कुणी हसेना. डॉक्टरांनी शिरेला चिमटे लावले. "दाबा, मामा." पीं. "दाबा." पीं. "दाबा."

काहीच नाही.

"मामा, दाबा!"

"दाबतोय की!" मामा चिडून म्हणाले. "बदकच मेलं!"

खरंच मेलं होतं. त्याच्या बुडाची शिट्टी निसटून फरशीवर पडली होती आणि कुठे तरी घरंगळत गेली होती. सिस्टर खाली वाकून शोधू लागली, भूलतज्ज्ञ तिच्यावर ओरडले. डॉक्टरांचे हात थांबले नव्हते. ते वर न बघता म्हणाले, "मामा, मग बोलत राहा. काहीही बोला, थांबू नका."

"काय बोलू?"

मी म्हणालो, "खिलार जोडी कशी निवडायची ते सांगा."

मामांनी सुरुवात केली. बैलाचा खांदा कसा असावा, शिंगं मुळात कशी असावीत, खूर काळे का बघायचे. चार दाती आणि सहा दातीत काय फरक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असं ऐकून घेणारं माणूस मिळालं होतं, तेही पळून न जाणारं. मधेच त्यांनी डॉक्टरांचाही अंदाज सांगितला, "हात हलका हाय, पन वय कवळं." मग पुन्हा बैलांवर आले. "शेपटीचा गोंडा काळा पायजे, आनि चालताना मागचा पाय फुडच्या... फुडच्या..." ते अडखळले. "फुडच्या कंदील. कंदील कंदील."

डॉक्टरांना मी कंदिलाची सगळी हकीकत आधीच सांगितलेली होती. "नळी द्या," ते म्हणाले. सिस्टरनं एक बारीक नळी दिली. ती त्यांनी उघड्या शिरेत दोन्हीकडून बसवली, म्हणजे रक्त तिच्यातून वर जाऊ लागलं. मामांचा डोळा माझ्यावर होता. त्यांना कळत होतं की आपण चुकीचं बोलतोय. पाणी मागताना समोर कंदील आणून ठेवला होता त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत जे होतं तेच आत्ता होतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. सासऱ्याच्या कपाळावर जावयानं हात ठेवणं बरं दिसतं की नाही हे मनात आलंच नाही.

"कंदील," ते म्हणाले. मग, "कं..." मग बराच वेळ काही नाही. आणि मग स्पष्ट: "फुडच्या पायाच्या ठशात पडला पायजे. ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय, मामा," आम्ही तिघं एकदम म्हणालो, मी, डॉक्टर आणि सिस्टर.

शिरेतून निघालेला पिवळट, किटणासारखा टणक तुकडा डॉक्टरांनी वाटीत घालून मला दाखवला. मामांनी तो औषधाच्या बाटलीत घालून मागून घेतला आणि घोडेगावला नेला. सासूबाईंनी ती बाटली देवघराच्या फळीवर ठेवू दिली नाही, एवढ्यावरच त्यांचं एक भांडण झालं.

मामा बरे झाले. पुन्हा हात गेला नाही, पडदा उतरला नाही. फक्त मानेतली एक बारीक नस दुखावल्यामुळे ओठाचा डावा कोपरा काही महिने खाली येईना. चेहरा असा दिसायचा की गृहस्थ मनातल्या मनात हसतोय. दलालाला याहून वाईट काय? विकणाऱ्याला वाटायचं, आपण स्वस्तात विकतोय. घेणाऱ्याला वाटायचं, आपण महाग घेतोय. दोघंही हात काढून घ्यायचे. नस पूर्ववत होईपर्यंत मामांचा धंदा जवळजवळ बंद होता.

माझा मात्र वाढला. तालुक्यातले म्हातारे मान ऐकून घ्यायला माझ्या दवाखान्यात येऊ लागले. मी हाकलून देत होतो, पण ते जनावर बरोबर घेऊन यायचे. शेळीला ताप आहे म्हणायचे आणि शेळी तपासून झाली की उपरणं बाजूला सारून मान पुढे करायचे. एकदा नगरहून आमचे वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर सात-आठ म्हातारे माना उजवीकडे कलत्या करून ओळीनं बसलेले आणि त्यांच्या निरोगी शेळ्या आवारात चरत होत्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कडक शब्दांत समज दिली, हा दवाखाना कुणासाठी आहे ते लक्षात ठेवा म्हणाले. चहा झाला. जीपमध्ये बसायच्या आधी ते पुन्हा आत आले, दार लोटून घेतलं आणि कॉलरचं बटण काढलं. मी दोन्ही बाजू नीट ऐकल्या. काही नव्हतं. "नक्की?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, त्यांची थोडी निराशाच झाली.

बऱ्याच वर्षांनी मामांना पुण्याला दाखवायला नेलं. शल्यचिकित्सकांचे केस पांढरे झाले होते. व्रण बघून त्यांना आनंद झाला. पण म्हणाले, "मामा, तुम्ही आज आला असतात, तर मी कदाचित गोळ्यांवरच ठेवलं असतं. त्या काळी आम्ही जरा जास्तच कापत होतो." खालच्या मजल्यावर ते मोठे फिजिशियन भेटले. निवृत्त झाले होते, कामासाठी आले होते. त्यांनी मामांना ओळखलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मी उगाच अडवत होतो तुम्हाला. तुमच्यासारख्यांना कापायलाच हवं होतं."

मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं. एसटीत बसल्यावर मला म्हणाले, "पाव्हनं, त्या दोघांना येकदा बाजारात घिऊन या. उपरन्याखाली हात घालून बसवू. सौदा झाल्याबिगर सोडायचं न्हाई."

ते त्यानंतरही चांगले जगले. गेले ते छातीत कफ होऊन, एका थंडीत, घरीच. बोलणं शेवटपर्यंत स्वच्छ होतं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलोय. गेल्या महिन्यात नगरला माझ्या मानेवर थंड जेली लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर लाल-निळं रक्त धावत होतं. तपासणारी डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, दोन्ही बाजूंना थोडं अरुंद आहे. हल्ली लगेच कापत नाही. गोळ्या चांगल्या आल्यात. अगदीच लागलं तर कापतात, नाहीतर मांडीतून तार घालून जाळी बसवतात, पण या वयात ती जाळीही विचार करूनच."

"तुझ्या वडिलांना असतं तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

तिनं मानेवरची जेली पुसायला मला कागद दिला. "गोळ्या दिल्या असत्या. पण ते घेणार नाहीत, मला माहितीय. चालत जा रोज, आजोबा."

बाहेर बाकावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणाली?"

"चालायला सांगितलंय."

"मग रिक्षा कशाला बघताय?" ती उठली, पिशवी माझ्या हातात दिली, आणि आम्ही दिल्ली दरवाजापर्यंत चालत गेलो. ती पुढे आणि मी मागे. उन्हं कलली होती, रस्त्यावर गर्दी होती, आणि तिला भाजी घ्यायची होती.